तपासल्या, सर्व मृत

एक कबुली आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला माझ्याबद्दल उगाच बरं वाटायला नको. वयाच्या विसाव्या वर्षी, सरकारी शिक्का हातात घेऊन, मी सलग दहा महिने जिवंत प्राण्यांना मेलेलं ठरवत होते. एक-दोन नव्हे, होड्याच्या होड्या भरून. आणि तेही त्यांच्याकडे न बघता, नाकाला रुमाल लावून, झाडाखाली स्टुलावर बसून. चित्रगुप्तसुद्धा कुणाचं नाव खोडण्याआधी एकदा मान वर करून बघत असेल. मी तेवढीही तसदी घेतली नाही.

प्राणी म्हणजे शिंपल्या. कोकणात त्यांना तिसऱ्या म्हणतात आणि चवीनं खातात, हे मला पुष्कळ उशिरा, नवऱ्याच्या बदलीमुळे काही वर्षं रत्नागिरीला काढली तेव्हा कळलं. ही बाळबोध लिपी सफाईनं लिहायला शिकले तीही तिथंच. माझ्या नातवंडांना यातलं एक अक्षर वाचता येणार नाही, आणि या प्रकरणापुरतं ते एका परीनं बरंच आहे. तंजावूर म्हटलं की लोकांना देऊळ, भात आणि गाणं आठवतं. आमच्या जिल्ह्याला समुद्र आहे, पट्टुकोट्टैच्या पुढं बसनं गेलं की खाडी आणि मिठाचा वास लागतो, हे नोकरीचा कागद हातात पडेपर्यंत मलाही धड ठाऊक नव्हतं.

आमचं घर राजवाड्यामागच्या बोळात. बोळात सात घरं मराठी, आणि सातही घरांत भांडण तमिळमध्ये आणि देवाची प्रार्थना मराठीत. सकाळी पहिला आवाज शेजारच्या रुब्बगुंड्याचा, म्हणजे इडलीचं पीठ वाटायच्या दगडाचा. दुसरा आमच्या अप्पांच्या अडकित्त्याचा. अप्पा शाळेत गणित शिकवत. दिवसाला पाच-सहा विडे आणि दिवसभर मतं, एवढीच त्यांची व्यसनं. पान कुंभकोणमकडचं कोवळं, सुपारी चिकणी, आणि चुना शिंपल्यांचाच हवा. "दगडाचा चुना जीभ भाजतो, शिंपल्याचा चुना जीभ रंगवतो," हे त्यांचं रोजचं वाक्य. पुढच्या खोलीची भिंतही शिंपल्याच्याच चुन्याची, अंड्याच्या टरफलासारखी गुळगुळीत. माझ्या लहानपणी मी त्या भिंतीत बघून भांग पाडत असे. आता या घरात अम्मा मसूर शिजवत नसे, कारण त्या डाळीचा रंग मांसासारखा. चतुर्मासात वांगं नाही, कांदा नाही. पण दिवसातून पाच वेळा आमचे अप्पा शिंपली चाटत होते आणि आम्ही सगळे शिंपल्यांत राहत होतो. त्या शिंपलीत पूर्वी कुणी बिऱ्हाडकरू होता की काय, हा प्रश्न सात घरांतल्या एकाही माणसाला कधी पडला नाही.

मी बी.एस्सी. झाले होते, वनस्पतिशास्त्र घेऊन, आणि सरकारच्या मासेमारी खात्याला प्राणी आणि वनस्पती यांच्यात फारसा फरक वाटत नसावा. तात्पुरती नेमणूक मिळाली. आठवड्यातून दोन दिवस, सोमवारी आणि गुरुवारी, खाडीवर जाऊन तपासणी, बाकीचे दिवस तंजावूरच्या ऑफिसात बसून तक्ते भरणं. तो कागद घरात आला तेव्हा अम्मा चुलीपाशी आंबटभाजीला फोडणी देत होती. तिनं पळी तशीच वर धरली.

"मासळीवाल्यांच्यात? तुज दुसरी नोकरी मिळत नाहीं होय गं, इंदू?"

"अगे, पाहायास पाठवतात तिज, खायास नव्हे," अप्पा म्हणाले.

मग अटी ठरल्या. तिथलं काही शिवायचं नाही. तिथलं पाणी प्यायचं नाही. दहीभात आणि नारत्तंगायचं, म्हणजे महाळुंगाचं, लोणचं केळीच्या पानात बांधून इथून न्यायचं. परत आल्यावर मागल्या दारानं यायचं, विहिरीवर डोक्यावरून स्नान करायचं आणि मगच स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा. मी सगळं मान्य केलं. मान्य केलं म्हणजे काय, मला ते मनापासून पटलेलं होतं. आज मला कुणी विचारलं तर मी सगळं अम्मावर ढकलून देऊ शकते, ती बिचारी आता उत्तर द्यायला नाही. पण खरं सांगायचं तर अम्मानं फक्त शिवू नको म्हटलं होतं. खोटं लिही असं नव्हतं म्हटलं.

काम काय होतं ते सांगते, म्हणजे माझा गाढवपणा किती मोठा होता ते कळेल. त्या खाडीच्या चिखलात शिंपल्यांचे दोन थर. खाली, हातभर खोल, जुन्या मेलेल्या शिंपल्यांचा पांढरा थर, कित्येक पिढ्यांपासून साचलेला. वरच्या चिखलात जिवंत शिंपल्या. खालच्या मेलेल्या शिंपल्या चुन्याच्या भट्टीसाठी काढायचा परवाना एका माणसाकडे होता. त्याचं नाव असेल काहीतरी, सगळे त्याला मुदलाळी म्हणत, मालक. वरच्या जिवंत शिंपल्या मात्र होडीनं, लोखंडी दाताळ्यानं काढायच्या नाहीत. त्या फक्त गावातल्या बायांनी, हातानं, टोपलीनं काढायच्या, आणि त्याही बी धरायचे महिने सोडून. नियम साधा होता आणि शहाण्या माणसानं केलेला होता. पण नियमाला डोळे नसतात, म्हणून मला नेमलेलं. भट्टीला जाणाऱ्या प्रत्येक होडीतली कुठलीही तीन पोती मी निवडायची, तळापर्यंत हात घालायचा, मूठभर शिंपल्या बाहेर काढून बघायच्या. मेलेली शिंपली उघडी, कोरडी, हलकी. जिवंत शिंपली मिटलेली, ओली, जड. आंधळ्यालाही कळेल असा फरक. बघून झालं की रजिस्टरात लिहायचं, 'तपासल्या, सर्व मृत', खाली सही, सहीवर शिक्का. आणि बायांनी किती टोपल्या काढल्या ते त्यांना विचारून शेजारच्या रकान्यात लिहायचं. त्या दोन रकान्यांवरून वरचे लोक ठरवणार, पुढच्या हंगामात खाडी कुणाला किती खुली ठेवायची.

पहिल्याच सोमवारी मी पांढरी साडी नेसून गेले. होय, पांढरी. खाडीवर. बसमधून उतरले, वास आला, आणि रुमाल नाकाला गेला तो आठ महिने खाली आला नाही. भट्टीजवळ पूवरसूचं मोठं झाड होतं, त्याखाली मुदलाळीनं धुतलेलं स्टूल ठेवलं होतं. पन्नाशीचा माणूस, कपाळाला विभूती, आवाज मऊ. मला बघून हात जोडले.

"रायर घरची पोर ना तुम्ही?" आमच्या लोकांना तमिळ लोक रायर म्हणतात. "सरकारला काही कळतं का हो? तुमच्यासारखीला या घाणीत हात घालायला लावतात. तुम्ही बसा अम्मा. मी ओतून दाखवतो."

आणि त्यानं तीन पोती माझ्यासमोर ओतवली. खळखळ आवाज करत पांढऱ्याशुभ्र शिंपल्यांचा ढीग झाला, मोगऱ्यासारखा. मी मान डोलावली. त्यानं माझ्यासमोर शहाळं फोडून दिलं, कारण शहाळ्यातल्या पाण्याला कुणाचा हात लागलेला नसतो, ते सोवळंच. हे त्यानं स्वतःहून ओळखलं म्हणून मी केवढी खूश झाले! घरी जाऊन अम्माला सांगितलं, तिथं एक फार सुसंस्कृत गृहस्थ आहेत. आठ महिन्यांत सुमारे सत्तर वेळा त्यानं माझ्यासमोर तीन पोती ओतली असतील. ती तीच तीन पोती होती, हे कळायला मला आठ महिने लागले. एका पोत्याला निळ्या दोऱ्याची शिवण होती. ती मी दर वेळी बघत असे आणि मनात म्हणत असे, काय सुंदर टाके घातलेत.

पाण्यात बाया असायच्या. पंधरा-वीस जणी, साड्यांचे काचे मारून, पोटरीभर चिखलात. पायाच्या अंगठ्यानं शिंपली चाचपायची, वाकायचं, उचलायची, पाण्यावर तरंगणाऱ्या ॲल्युमिनियमच्या घमेल्यात टाकायची. त्यांच्यात सेल्लम्माळ नावाची एक होती, माझ्या आईच्या वयाची, नाकात दोन्हीकडे चमक्या, आणि तोंड असं की भट्टीतला निखारा परवडला. मी काठावरून ओरडून विचारायची, "किती टोपल्या?" आणि ती तिकडून ओरडायची, "रुमाल काढ, मग ऐकू येईल!" बाया हसायच्या. मला राग यायचा. मग मुदलाळीचा मुनीम शेजारी उभा राहून हळूच आकडा सांगायचा, मी तो लिहायची. तो आकडा कुठून आणायचा, का आणायचा, मला विचारावंसं वाटलं नाही. हल्ली टीव्हीवर कुणी समुद्राचे, पावसाचे, पिकांचे आकडे सांगू लागलं की मला हटकून वाटतं, तो आकडा लिहिणारी कुठं बसली होती, ते आधी सांगा.

एकदा सेल्लम्माळ काठावर आली. ओलीचिंब, हातात रिकामं घमेलं. मी स्टूल जरा मागं सरकवलं.

"ए रायर पोरी, तू गाणं शिकतेस म्हणे?"

बातम्या कुठून कुठं जातात! मी खरंच शिकत होते. रविवारी तिरुवैयारूला जाऊन एका वयस्कर बाईंकडे. माझ्या कानाचं तिथं कौतुक होतं, तंबोरा केसभर उतरला तरी मला कळतो म्हणून. मी ऐटीत हो म्हटलं.

"मग ती पोती होडीतून खाली पडतात तेव्हा जरा कान दे," ती म्हणाली. "तुझ्यासमोर ओततात ती नव्हे. त्या पलीकडची."

मला वाटलं, जळते मेली. होडीवाल्यांना इतकं मिळतं आणि हिला घमेलंभर, म्हणून चहाडी करते. रिकामी शिंपली पडली की खळखळते आणि भरलेली पडली की धप्प होते, एवढं ऐकायला गाणं शिकायचीही गरज नव्हती. पलीकडं, वीस हातांवर, दिवसभर धप्प, धप्प चाललेलं असायचं. माझ्या त्या सूक्ष्म कानाला ते एकदाही ऐकू आलं नाही. मी अप्पांच्या चुन्याचा विचार करत होते. कारण त्या सुमारास मुदलाळीनं मातीच्या छोट्या मडक्यात, वर केळीचं पान बांधून, भट्टीतला निवडक चुना माझ्याबरोबर अप्पांसाठी द्यायला सुरुवात केली होती. चुना कसला, लोणी. अप्पांनी पहिला विडा लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, "इंदू, ही नोकरी सोडूं नकोस हां."

मग तो मंगळवार. सोमवारी कसलीशी सुट्टी आली, म्हणून मी एक दिवस उशिरा गेले. कुणी वाट बघत नव्हतं. स्टूल नव्हतं, मुदलाळी नव्हता. भट्टी मात्र पेटलेली होती, आणि वाऱ्यावरून एक वास आला. इथं लेखणी जरा अडते, पण लिहितेच. तो वास मला आवडला. शेंगा भाजल्यासारखा, तव्यावर तूप तापल्यासारखा, खारट, उबदार. सकाळी सहाला घरून निघालेली, पोटात काही नाही. मी रुमाल खाली घेतला. आठ महिन्यांत पहिल्यांदा. आणि तोंडाला पाणी सुटलेली मी, मसूर न खाणाऱ्या घरातली मुलगी, वासाच्या मागं भट्टीपाशी गेले आणि तिथल्या माणसांना हसतमुखानं विचारलं, "काय शिजवताय? छान वास येतोय."

ती माणसं एकमेकांकडे बघत राहिली. मग एकजण हसला. मी भट्टीत वाकून बघितलं. कोळशावर रचलेल्या शिंपल्या उघडत होत्या, टक्, टक्, टक्, आणि प्रत्येकीच्या आत केशरी रंगाचं काहीतरी आकसत होतं. शेजारी पोत्यांची रांग होती, ओली, जड, त्यांच्या तळातून पाणी निथळत होतं. मी त्यातल्या एकात हात घातला. पहिल्यांदाच. मिटलेल्या, गार, गुळगुळीत. काही नखाएवढ्या. हातभर खोल खणायचे कष्ट वाचवून चिखलाचा वरचा सगळा थर, लहानमोठं न बघता, दाताळ्यानं खरवडून आणलेला होता.

मुदलाळी तेवढ्यात आलाच. घाबरला नाही, चिडला नाही. रुमालानं माझ्यासाठी बाक पुसला.

"यात जीव आहे!" मी म्हटलं. हे वाक्य आठवलं की आजही मला पांघरुणात तोंड लपवावंसं वाटतं. जणू मीच शोध लावला होता.

"असेल की अम्मा," तो म्हणाला. "पण रजिस्टरात तर सगळ्या मेलेल्या आहेत. सही तुमचीच आहे ना?" आणि मग, त्याच मऊ आवाजात, "वडिलांचा चुना संपला असेल. नेता का?"

मी मडकं नेलं नाही, एवढं पुण्य माझ्या नावावर आहे. पण त्या दिवशीचं पानही कोरं ठेवलं नाही. लिहिलं, तपासल्या, सर्व मृत. शिक्का जरा तिरपा पडला, इतकंच. घरी येऊन विहिरीवर तीन बादल्या पाणी डोक्यावर ओतलं. अम्मा म्हणाली, एवढें कां गं? संध्याकाळी अप्पांनी पानाची पेटी पुढं ओढली, जुन्या मडक्यात बोट फिरवलं आणि म्हणाले, "संपत आला कीं." मी उठून मागच्या अंगणात गेले आणि जाईची फुलं तोडत बसले. नंतरचे दोन महिने मी खाडीवर जात राहिले, त्याच स्टुलावर बसत राहिले. आता तर माझं अज्ञानही नव्हतं. आता फक्त मी होते.

वर्ष सरता सरता बायांच्या घमेल्यांत काही पडेनासं झालं. सकाळभर चिखल चाचपून मूठभर शिंपल्या. ऑफिसला बायांचा अर्ज गेला असावा, कारण एके दिवशी आमचे साहेब जीप घेऊन स्वतः खाडीवर आले. माणूस सरळ होता, चष्मा नाकावर घसरलेला, हातात माझं रजिस्टर. पूवरसूखाली सगळ्यांना बोलावलं. एका बाजूला बाया जमिनीवर बसलेल्या, दुसऱ्या बाजूला मुदलाळी हात जोडून उभा. साहेबांनी रजिस्टर वाचून दाखवलं. परवानेवाल्यानं काढल्या त्या सर्व मृत, दर खेपेला तपासून खात्री केलेली. बायांनी काढलेल्या टोपल्या मात्र महिन्यागणिक वाढत गेलेल्या, बंदीच्या महिन्यांतसुद्धा. याचा अर्थ काय होतो? अर्थ असा होतो की जिवंत शिंपल्या बायांनीच संपवल्या. म्हणून हातानं शिंपल्या काढायला पुढची सूचना मिळेपर्यंत पूर्ण मनाई. मेलेल्या शिंपल्यांचा परवाना चालू.

बायांत एकदम गलका झाला. "आम्ही? आमच्या या हातांनी?" कुणी तळवे पुढं करून दाखवले. साहेबांनी हात वर केला. मग ते माझ्याकडे वळले. त्यांनी मला संधी दिली, हे मी कधी विसरले नाही. चष्मा वर सरकवून ते सगळ्यांसमोर म्हणाले, "ही मुलगी वर्षभर इथं येते. तिचा यात काही फायदा-तोटा नाही. बोल बाई, तू काय पाहिलंस?"

सगळे माझ्याकडे बघत होते. सेल्लम्माळ सर्वांत पुढं होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती जरा पुढं झुकून बसली होती, नाटकात आपल्या ओळखीचं माणूस बोलायला उभं राहिलं की आपण झुकतो तशी. मला मुदलाळीची भीती नव्हती, ती असती तर आज निदान ते कारण तरी सांगता आलं असतं. मला एवढंच दिसत होतं की खरं सांगायचं म्हणजे साहेबांसमोर, या सगळ्या बायांसमोर म्हणावं लागेल की मी कधी हात घातलाच नाही. मी वासाला भ्याले. टोपल्यांचे आकडे मुनीमानं सांगितलेले. मी घरी चुना नेला. मला तो वास आवडला. एवढी वाक्यं माझ्या घशात रांगेनं उभी होती. मी म्हटलं, "रजिस्टरात आहे तेच, सर."

सेल्लम्माळ पुन्हा मागं सरून बसली. बस्स.

परतीच्या बसमध्ये ओरत्तनाडूपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून रडले, आणि घरी जाऊन आणखी रडले. अम्माला वाटलं, कुणी काही बोललं. असे तीन आठवडे गेले. मग एका सकाळी ऑफिसात साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले आणि घशातली सगळी वाक्यं, रांगेनं, सांगून टाकली. चुन्याचंसुद्धा. वास आवडल्याचं सोडून. ते मात्र आज पहिल्यांदा लिहिते आहे.

साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी रजिस्टर उघडलं, पानं चाळली, बंद केलं.

"या वहीवरून आम्ही ठरवणार होतो, किती काढू द्यायचं, कुणाला आणि कधी," ते म्हणाले. "आता तू म्हणतेस, दोन्ही रकाने खोटे. मग माझ्याकडे या खाडीचं काय उरलं? खाली किती आहेत, किती गेल्या, बायांनी खरंच किती काढल्या, काही ठाऊक नाही. काही ठाऊक नसताना दार उघडं ठेवता येत नाही, बाई. मुदलाळीचा परवाना मी आज रद्द करतो. पण मनाई उठवायला मला आकडे लागतात. आणि नवे आकडे यायला दोन-तीन वर्षं जातील. तेही, तिथं मोजायला काही उरलं असलं तर."

म्हणजे मी खरं बोलले ते मुदलाळीला थांबवायला पुरलं, पण बायांना परत पाण्यात उतरवायला नाही. त्या दिवसापर्यंत मला वाटत असे की खोटं लिहिलेलं खोडलं की खालून आपोआप खरं निघतं, पाटीवरच्या गणितासारखं. तसं होत नाही. खालून नुसती रिकामी पाटी निघते. मुदलाळीनं दुसरीकडे दगडी चुन्याचा धंदा काढला आणि तो ठीक चालला असं ऐकलं. माझी नेमणूक संपली, नूतनीकरण झालं नाही, आणि अप्पांनी ओळखीपाळखीत सांगितलं की मुलीला प्रवास झेपेना. त्यांना मी सगळं सांगितलं होतं. ऐकून त्यांनी तोंडातला विडा अंगणात जाऊन थुंकला, चूळ भरली, आणि त्यानंतर बरेच दिवस अडकित्त्याचा आवाज आला नाही. पुढं पुन्हा सुरू झाला. माणूस किती दिवस पान सोडणार?

नोकरी संपल्यावर एकदाच मी खाडीवर गेले. अम्माला सांगितलं, तिरुवैयारूला जाते. भट्टी थंड होती. खाडीत कुणी नव्हतं, चिखल ओहोटीत चकाकत होता. पुढं गावात, कोळंबी सोलायच्या शेडमध्ये, सेल्लम्माळ सापडली. सिमेंटच्या जमिनीवर बर्फाच्या पाण्यात पाय सोडून बायका ओळीनं बसल्या होत्या. तिची बोटं सुजून पांढरी पडली होती. हे काम दुसऱ्याच्या छपराखाली, दुसऱ्याच्या वेळेवर. पूर्वी तिला ओहोटीशिवाय कुणी हाक मारत नसे. मी तिथंच उकिडवी बसले. पांढरी साडी नव्हती, रुमालही नव्हता. म्हटलं, तीन आठवडे घरी रडून झाल्यावर मी साहेबांना जाऊन सगळं सांगितलं. मुदलाळीचा परवाना गेला. बंदी मात्र उठत नाही. माझं चुकलं.

ती सोलत राहिली. डोकं, साल, शेपूट, बादली.

"आम्हाला कळलं ते," ती म्हणाली. "त्या दिवशी का गप्प बसलीस? त्यानं धमकावलं होतं?"

"नाही."

"मग?"

"लाज वाटली."

तेव्हा तिनं हात थांबवला आणि माझ्याकडे नीट बघितलं. ती जे म्हणाली ते तमिळमध्ये म्हणाली, मी त्यातला एक शब्द कमी-जास्त न करता मराठीत उतरवते आहे.

"लाज वाटली म्हणून गप्प बसलीस होय? अगं, आमच्यात लाज वाटली की माणूस आधी बोलून टाकतो आणि मग घरी जाऊन रडतो. तू उलटं केलंस. ऊठ आता, पाय ओले झाले तुझे. जा, बस चुकेल."